पाखरू आणि फुलपाखरू : दोन अंतांची नोंद

मराठीने फुलपाखराला स्वतंत्र मूळशब्द दिलेला नाही. फुलावरचे पाखरू ते फुलपाखरू, एवढ्यावर भाषेने भागवले आहे. शेतकरी अळीच्या पतंगालाही पाखरूच म्हणतो, आणि दिव्यावर झेपावणारे तेही पाखरूच. पंख असणे आणि हवेत असणे ही दोन लक्षणे भाषेला पुरेशी वाटली. हाडे आहेत की नाहीत, रक्त लाल आहे की नाही, हा भेद नंतरचा. तो शास्त्राने केला.

परंतु शास्त्राच्याही आधी हा भेद आणखी एका क्षेत्राने केला आहे, आणि तो अधिक निष्ठुरपणे केला आहे. ते क्षेत्र म्हणजे इतिहासलेखन. एखादी जात पृथ्वीवरून नाहीशी होते तेव्हा तिची नोंद कोण ठेवतो, कशी ठेवतो, तिच्यासाठी कोण रडतो, हे प्रश्न पक्ष्याच्या बाबतीत आणि फुलपाखराच्या बाबतीत सारखे सुटत नाहीत. या लेखात अशा दोन जाती शेजारी ठेवून पाहायच्या आहेत. दोन्ही उत्तर अमेरिकेतल्या, दोन्ही माणसामुळे संपलेल्या, आणि दोहोंच्या अंतांमध्ये तीन दशकांहून कमी अंतर. एक प्रवासी कबूतर, ज्याला इंग्रजीत पॅसेंजर पिजन म्हणतात. दुसरे झर्सीस ब्लू नावाचे जेमतेम तीन सेंटिमीटर पंखविस्ताराचे निळे फुलपाखरू.

कबुतरापासून सुरुवात करणे सोपे आहे, कारण त्याच्याबद्दल लिहिलेले अफाट आहे. युरोपीय वसाहतकार उत्तर अमेरिकेत आले तेव्हा या पक्ष्याची संख्या ३०० ते ५०० कोटींच्या घरात असावी, असा अंदाज पुढे अभ्यासकांनी बांधला. पक्षितज्ज्ञ अलेक्झांडर विल्सन याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या सुमारास केंटकीमध्ये एकच थवा जाताना पाहिला आणि त्याची रुंदी, वेग आणि जाण्यास लागलेला वेळ यांचा गुणाकार करून आकडा मांडला : २२३ कोटी २ लाख ७२ हजार. शेवटच्या बहात्तर हजारांचा काटेकोरपणा आज गमतीचा वाटतो. पण त्यामागची धडपड समजून घ्यायला हवी. डोळ्यांनी पाहिलेले कोणी खरे मानणार नाही, या भीतीने माणूस अंकगणिताचा आधार घेतो आहे.

जॉन जेम्स ऑड्यूबॉननेही तेच केले. १८१३ च्या शरदात तो ओहायो नदीच्या काठाने लुईव्हिलकडे निघाला असताना थवे जाऊ लागले. तो घोड्यावरून उतरला आणि प्रत्येक थव्यासाठी कागदावर एकेक ठिपका देऊ लागला. २१ मिनिटांत १६३ ठिपके झाले, तेव्हा मोजणे सोडून तो उठला. भर दुपारी ग्रहण लागावे तसा प्रकाश मंदावला होता, असे त्याने पुढे लिहिले. हे ठिपके मला फार महत्त्वाचे वाटतात. नंतर अब्जांच्या आकड्यांनी जे साधले नाही ते या हार मानलेल्या मोजणीने साधले आहे. अद्भुत हा रस असला तर त्याचा हा स्थायीभाव, विस्मय, येथे अगदी कोरडेपणाने नोंदला गेला आहे.

साहित्यही मागे राहिले नाही. जेम्स फेनिमोर कूपरच्या १८२३ च्या ‘द पायोनियर्स’ या कादंबरीत कबुतरांच्या शिकारीचे एक प्रकरण आहे. गावकरी बंदुका, काठ्या, अगदी छोटी तोफसुद्धा घेऊन थव्यांवर तुटून पडतात, आणि म्हातारा शिकारी लेदरस्टॉकिंग हा नासाडीचा प्रकार पाहून संतापतो. स्वतःला हवा तो एकच पक्षी टिपतो आणि निघून जातो. जातीचा शेवटचा पक्षी मरण्याच्या एक्याण्णव वर्षे आधीचे हे पुस्तक आहे. धोक्याची जाणीव कोणालाच नव्हती हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. जाणीव होती, ती कादंबरीतल्या एका हेकट म्हाताऱ्याच्या तोंडी ठेवून समाजाने सोयीस्करपणे वाचली, एवढेच. पोटावाटोमी जमातीचे नेते सायमन पोकॅगन यांनी १८९५ मध्ये या पक्ष्यावर लेख लिहिला तेव्हा तो आठवणींचा लेख होऊन बसला होता. १८५० साली मिशिगनमधील मॅनिस्टी नदीकाठी पहाटे त्यांना दुरून घुंगरू बांधलेले घोडे जंगलातून येत असल्यासारखा आवाज आला होता, आणि पाहतात तो कबुतरे. त्यांच्या भाषेत या पक्ष्याला स्वतःचे नाव होते. ‘पॅसेंजर’ हे नाव फ्रेंचांकडून आले आणि त्याचा अर्थ केवळ ‘जवळून निघून जाणारा’. आपल्याकडे हा शब्द ऐकला की प्रत्येक स्टेशनवर थांबणारी गाडी डोळ्यांपुढे येते. योगायोग असा की या पक्ष्याचा काळही रेल्वेवरूनच आला.

हे कबूतर प्रचंड समूहाने राही, समूहानेच वीण करी. एका घरट्यात बहुधा एकच अंडे. मात्र वसाहत कशी असे? १८७१ साली विस्कॉन्सिनमध्ये ८५० चौरस मैलांवर घरटी पसरली होती आणि तेथे १३ कोटी ६० लाख पक्षी असावेत, असा हिशेब ए. डब्ल्यू. शॉर्गर या अभ्यासकाने पुढे मांडला. अशी वसाहत कोठे बसली ही बातमी पूर्वी आसपासच्या चार गावांना कळे. तारायंत्र आल्यावर ती एका दिवसात शिकागो आणि न्यूयॉर्कला कळू लागली, आणि रेल्वेने शिकारी येऊ लागले. पक्षी पिंपांत भरून त्याच रेल्वेने शहरांच्या बाजारांत जाऊ लागले. १८७८ मध्ये मिशिगनमधील पेटॉस्की येथे अखेरच्या मोठ्या वसाहतींपैकी एक बसली. तेथे कित्येक आठवडे हेच चालले होते. झाडांखाली गंधक जाळून पक्ष्यांना गुदमरवणे, पिलांनी भरलेली झाडे तोडून पाडणे, जाळी टाकणे हे सारे रूढ मार्ग होते. जाळ्यापाशी थवा उतरावा म्हणून एका जिवंत कबुतराच्या पापण्या शिवून त्याला हलत्या बैठकीवर बांधत. थवा आपल्यातला कोणी खाली उतरतो आहे असे समजून उतरे. फितुरासाठी इंग्रजीत जो ‘स्टूल पिजन’ हा शब्द आहे तो येथूनच आला, असे बरेच जण मानतात. ज्याचे डोळे शिवले त्याच्यावरच भाषेने फितुरीचा आळ घेतला, हा भाषेचा न्याय.

ओहायो राज्याच्या विधिमंडळापुढे १८५७ मध्ये या पक्ष्याच्या संरक्षणाचा प्रश्न आला होता. समितीने अहवाल दिला की हा पक्षी एवढा प्रजननक्षम आहे की त्याला संरक्षणाची गरजच नाही. त्याच ओहायोत २४ मार्च १९०० रोजी एका मुलाने एक रानटी कबूतर मारले. पेंढा भरताना त्याला काचेच्या डोळ्यांऐवजी बुटांची बटणे लावली गेली, आणि म्हणून त्याचे नावच ‘बटन्स’ पडले. रानात मारलेला हा शेवटचा नमुना असे दीर्घकाळ मानले गेले. त्यानंतरच्या एकदोन वर्षांतल्या नोंदी पुढे अभ्यासकांनी पुराव्यासह पुढे आणल्या.

उरले पिंजऱ्यातले. सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात जॉर्ज वॉशिंग्टनच्या पत्नीवरून नाव ठेवलेली मार्था नावाची मादी होती. तिचा शेवटचा जोडीदार जुलै १९१० मध्ये मेला. दुसरा जोडीदार आणून देणाऱ्यास एक हजार डॉलरचे बक्षीस जाहीर झाले, पण कोणी आले नाही. १ सप्टेंबर १९१४ रोजी मार्था मेली. युरोपात पहिले महायुद्ध सुरू होऊन एक महिना झाला होता. तिचे शव सुमारे तीनशे पौंडांच्या बर्फाच्या लादीत गोठवून रेल्वेने वॉशिंग्टनला, स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवण्यात आले. तेथे रॉबर्ट शुफेल्ट याने शवविच्छेदन केले, छायाचित्रे घेतली, प्रत्येक अवयवाची नोंद केली. हृदय मात्र त्याने कापले नाही. शास्त्रीय अहवालात हृदय न कापण्याचे कारण शास्त्रीय असू शकत नाही. एका अभ्यासकाच्या हातातली सुरी क्षणभर थांबली आणि ते थांबणेही नोंदले गेले.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा सावध व्हावे. मार्थाच्या मृत्यूची वेळ दुपारी एक अशी बहुतेक पुस्तकांत छापलेली आढळते. पण दुसऱ्या वेळाही छापलेल्या आहेत. तिचे वय २९ होते म्हणतात. त्याहून बरेच कमी सांगणाऱ्याही हकिकती आहेत. कोणी तिच्या उशाशी होते की ती पिंजऱ्यात मेलेली आढळली, यावरही एकमत नाही. म्हणजे ज्या मृत्यूची सर्वांत नेमकी नोंद आपण मिरवतो ती नोंदही एका गरजेतून घडवलेली आहे. एक जात संपली हे कळण्यासाठी मनाला एक शरीर लागते, एक नाव लागते आणि घड्याळात वाजलेला ठोका लागतो. मार्थाने ते तिन्ही दिले. १९६६ मध्ये तिला सॅन डिएगोला आणि १९७४ मध्ये पुन्हा सिनसिनाटीला विमानाने नेण्यात आले. रानातल्या तिच्या जातभाईंना पिंपांतून नेले होते. ती मेल्यावर मानाने गेली.

आता तीन हजार किलोमीटर पश्चिमेला, पॅसिफिकच्या किनाऱ्यावर जाऊ. सॅन फ्रान्सिस्को शहराचा पश्चिमेकडचा अर्धा भाग एकोणिसाव्या शतकात वाळूच्या टेकड्यांनी व्यापलेला होता. वारा, धुके आणि सरकती वाळू. तिला धरून ठेवणारी शेंगवर्गीय झुडपे. सोन्याच्या शोधासाठी माणसे कॅलिफोर्नियात लोटली त्या काळात प्येर लॉर्कां हा फ्रेंच माणूसही तेथे गेला. सोन्याखेरीज त्याला फुलपाखरांचाही नाद होता. त्याने गोळा केलेले नमुने पॅरिसला झां बातीस्त बुआदुव्हाल या तज्ज्ञाकडे पोचले, आणि १८५२ मध्ये बुआदुव्हालने त्यातल्या एका निळ्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. ग्रीकांवर चालून गेलेल्या इराणच्या सम्राटाचे फ्रेंच वळणाचे नाव त्याने तिला दिले : झर्सीस.

कीटकांना प्राचीन इतिहासातली आणि पुराणातली नावे देण्याची तेव्हा रीत होती, म्हणून या निवडीत फार अर्थ शोधू नये. तरीही वाङ्मयाच्या वाचकाला हीरोडोटसच्या इतिहासाचे सातवे पुस्तक आठवल्याशिवाय राहत नाही. हेलेस्पाँटच्या काठी आपले अगणित सैन्य आणि आरमार पाहून झर्सीसला आधी धन्यता वाटते आणि मग तो रडू लागतो. शंभर वर्षांनी यांतला एकही माणूस जिवंत नसेल, हे त्याच्या मनात आलेले असते. ऑड्यूबॉनच्या ठिपक्यांशेजारी हा प्रसंग ठेवून पाहावा. संख्येने माणूस भारावतो, आणि त्याच संख्येमुळे एखाद्याला तिचा शेवटही दिसतो. पण हे नाव मिळाले त्या फुलपाखराकडे मात्र संख्या नव्हतीच. वाळूच्या एका पट्ट्यावर, वसंतातले काही आठवडे, थोडेसे निळे जीव.

आपल्याकडे ज्यांना नीळ म्हणतात त्या कुळातले हे फुलपाखरू. नराच्या पंखांची वरची बाजू निळी, मादीची तपकिरीकडे झुकणारी. खालच्या बाजूला पांढरे ठिपके. हे ठिपके एकसारखे नसत. काहींत पांढऱ्याच्या मध्यभागी काळा बिंदू, काहींत नुसते पांढरे. या फरकामुळे बुआदुव्हालने एकाच जातीच्या निरनिराळ्या रूपांना निरनिराळी नावे देऊन टाकली होती. ती पुढे एक करावी लागली. अळ्या डियरवीड नावाच्या पिवळ्या फुलांच्या झुडपावर आणि ल्युपिनवर वाढत. नीळ कुळातल्या अनेक जातींप्रमाणे याही अळीचा मुंग्यांशी व्यवहार होता. अळी अंगातून गोड रस द्यायची, मुंग्या तिची राखण करायच्या. सह्याद्रीतही नीळ कुळातल्या अळ्यांभोवती मुंग्या घोटाळताना दिसतात, तेव्हा हा व्यवहार मराठी निसर्गप्रेमींना अपरिचित नाही.

शहर पश्चिमेकडे सरकत गेले. १८७० पासून वाळूवर माती आणि झाडे चढवून गोल्डन गेट पार्क उभारला जाऊ लागला. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत जुने शहर उद्ध्वस्त झाल्यावर लोक वाळूकडे वस्तीला आले. १९२० ते १९४० च्या दशकांत हेन्री डोल्गरसारख्या बांधकाम व्यावसायिकांनी सनसेट भागात हजारो घरे ओळीने उभी केली. साधी, एकमेकांना चिकटलेली, मध्यमवर्गाला परवडणारी. बाहेरून आलेल्या आर्जेंटिनी मुंगीने स्थानिक मुंग्यांना हुसकावले आणि अळ्यांची राखण मोडली, हेही एक संभाव्य कारण अभ्यासक सांगतात.

या सगळ्यात फुलपाखराकडे कोणाचे लक्ष होते? एका माणसाचे नक्की होते. हान्स हर्मन बेअर हा जर्मनीतून आलेला डॉक्टर आणि कीटकतज्ज्ञ. त्याने १८७५ मध्येच हर्मन स्ट्रेकर या संग्राहकाला पत्रातून कळवले की सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरापुरते झर्सीस आता संपले आहे. त्याची जागा घरांच्या भूखंडांत गेली, आणि वस्तीवाल्यांच्या कोंबड्या-डुकरांच्या राज्यात उवा-पिसवांखेरीज दुसरा कीटक जगणे शक्य नाही. पत्रात विनोद आहे, वस्तीवाल्यांच्या वंशांवरून मारलेला शेराही आहे. त्यामागे खिन्नता आहे, पण ती हसून झाकलेली. कबुतराचा मृत्युलेख लिहिणाऱ्यांना असे हसावे लागले नाही. फुलपाखरासाठी गंभीरपणे शोक करणारा माणूस १८७५ मध्ये हास्यास्पद ठरला असता. बेअरने आधीच स्वतःला हसून घेतले.

आणि बेअरचे म्हणणे खरे ठरले नाही. फुलपाखरू पुढे साठाहून अधिक वर्षे शहराच्या उरल्यासुरल्या वाळूत तग धरून होते.

‘संपले’ हे विधान किती जोखमीचे असते याचा धडा महाराष्ट्रालाही मिळालेला आहे. रानपिंगळा या घुबडाचा १८८४ नंतर विश्वसनीय नमुना मिळाला नव्हता. दरम्यान एका नामांकित संग्राहकाने चोरलेल्या जुन्या नमुन्यावर खोटी तारीख-जागा लावून शोधणाऱ्यांची दिशाभूल केली होती. ती लबाडी उघड झाल्यावर अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी योग्य जागी शोधायला आले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत दिसला. ११३ वर्षांची अनुपस्थिती ही अखेर माणसांच्या पाहण्याची अनुपस्थिती होती. पक्ष्याला निदान आवाज असतो, तो उडताना दिसतो, वर्षभर कोठेतरी असतो. झर्सीससारखे फुलपाखरू वर्षातले बरेच महिने अळी किंवा कोष होऊन असते, आणि त्या काळात ते ‘नसते’.

मग ते खरोखर कधी संपले? हॅरी लँग या तरुण कीटकतज्ज्ञाने २३ मार्च १९४१ रोजी प्रेसिडिओच्या लष्करी तळावर, लोबॉस ओढ्याजवळच्या वाळूत काही नमुने पकडले. त्यानंतर १९४३ पर्यंतचा उल्लेख काही ठिकाणी येतो. पुढे काही नाही. ही फुलपाखरे आणखी सापडतील असेच आपल्याला तेव्हा वाटले होते, असे लँग यांनी उतारवयात सांगितले. मार्थाला पाहायला लोक येत ते ही शेवटची आहे हे माहीत असल्यामुळे. लँगच्या जाळीत जे आले ते त्या क्षणी फक्त एक चांगला नमुना होते. शेवटचेपण त्याला नंतर, मागे वळून पाहताना मिळाले. १९५६ मध्ये जॉन डाउनी आणि लँग यांनी संग्रहांतले शेकडो नमुने घेऊन ठिपक्यांतील वैविध्यावर निबंध लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच ही जात ‘अलीकडे नामशेष झालेली’ म्हणून येते. मृत्यूची घोषणा अशी एका विशेषणातून, जाताजाता झाली.

येथे एक विषयांतर करतो, साहित्याच्या वाचकांना ते खपेल. १९४१ च्या उन्हाळ्यात व्लादिमिर नाबोकोव्ह स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवायला आला होता. प्रेसिडिओपासून ते गाव फार दूर नाही. पुढच्या वर्षापासून तो हार्वर्डच्या संग्रहालयात सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या फुलपाखरांच्या पंखांवरचे खवले मोजत बसला. निळ्या फुलपाखरांचा विसाव्या शतकातला सर्वांत प्रसिद्ध चाहता कॅलिफोर्नियात पोचला तेव्हा झर्सीसचा त्या वर्षीचा वसंत सरला होता. गोष्ट एवढीच आहे आणि तिच्यावर कादंबरी रचण्याचा मोह आवरावा. पण कूपर, ऑड्यूबॉन आणि पोकॅगन एका पक्ष्याला मिळाले, आणि या फुलपाखराला ज्याने अमर केले असते तो लेखक मात्र काही महिन्यांनी चुकला, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मला वाटते, या दोन अंतांतला खरा फरक साक्षीदारांचा जितका आहे तितकाच दोषाचाही आहे. कबुतराच्या कथेत खलपुरुष आहेत. बंदूक आहे, जाळे आहे, शिवलेल्या पापण्या आहेत, पिंपे मोजणारा व्यापारी आहे. ती वाचताना वाचक लेदरस्टॉकिंगच्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि त्याला बरे वाटते. झर्सीसला कोणी मारले? संग्राहकांनी थोडी पकडली, पण त्यांनी जात संपली नाही. ती संपली घरांमुळे; भूकंपातून वाचलेल्यांच्या, बेताच्या पगारातून हप्ते भरणाऱ्यांच्या घरांमुळे. वाळू ही पडीक जमीन आणि पडीक जमिनीवर घर बांधणे हे पुण्यकर्म, यावर तेव्हा कोणाचे दुमत नव्हते. आजही फारसे नसते. ज्या कथेत कोणी वाईट नाही ती सांगायला कठीण जाते, आणि न सांगितलेली कथा इतिहासात जात नाही. कबुतरावरील लेखनात, अगदी चांगल्या लेखनातही, एक सोपेपणा शिरतो तो यामुळे. शिकारी क्रूर होते हे खरेच आहे. पण त्याच काळात पूर्वेकडील ओक आणि बीचची रानेही शेतीसाठी तुटत होती, आणि नांगर धरणाऱ्याला त्या कथेत क्वचितच जागा मिळते. झर्सीसची कथा वाचून मग कबुताराच्या कथेकडे परतले की हा नांगरवाला दिसू लागतो.

कायद्यानेही प्रथम बंदूकच पाहिली. शिकारीच्या मालाच्या आंतरराज्य व्यापाराला आळा घालणारा लेसी कायदा १९०० मध्ये झाला, स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा १९१८ मध्ये. कबुतराला दोन्हींचा उपयोग झाला नाही, इतर पक्ष्यांना झाला. कीटकांचा विचार व्हायला आणखी अर्धे शतक लागले. १९७१ मध्ये रॉबर्ट मायकेल पाइल या तरुणाने अपृष्ठवंशी जीवांच्या संरक्षणासाठी संस्था काढली आणि तिला या फुलपाखराचेच नाव दिले : झर्सीस सोसायटी. १९७३ च्या संकटग्रस्त जातींच्या कायद्यात कीटकांना जागा मिळाली, आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील सहा फुलपाखरे एकदम यादीत आली. त्यांतल्या एकाचे नाव लँग यांच्यावरून ठेवलेले आहे. तेही वाळूच्या टेकड्यांवरचेच आणि तेही आज अगदी काठावर. या यादीने प्रथमच घर बांधणाऱ्याला थांबवून विचारले की या झुडपावर काय राहते. त्यावरून झालेली भांडणे कडवट होती आणि अजून संपलेली नाहीत.

अलीकडे दोन्ही जातींचे मृत देह पुन्हा बोलू लागले आहेत. संग्रहालयांतल्या कबुतरांच्या जनुकसंचाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढी प्रचंड संख्या असूनही या पक्ष्यात जनुकीय वैविध्य अपेक्षेहून कमी होते, असे त्यात दिसले. अतिविशाल समूहात राहण्याशीच तो घडवला गेला होता आणि थोड्या संख्येत कसे जगावे हे त्याला साधणारे नव्हते, असा एक अर्थ त्यातून काढला जातो. २०२१ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियममधील ९३ वर्षे जुन्या झर्सीसच्या पोटाचा कणभर तुकडा घेऊन संशोधकांनी त्याचा डीएनए वाचला. प्रश्न असा होता की ही स्वतंत्र जात होती, की सिल्व्हरी ब्लू या आजही आढळणाऱ्या फुलपाखराची एक स्थानिक आवृत्ती. उत्तर आले, स्वतंत्र जात. मार्थाबद्दल हा प्रश्न कधीच कोणी विचारला नव्हता. फुलपाखराला मात्र आपण मेलो हे सिद्ध करण्याआधी आपण होतो, हे सिद्ध करावे लागले, आणि त्याला मृत्यूनंतर ऐंशी वर्षे लागली.

विस्कॉन्सिनमध्ये, मिसिसिपी नदीवरच्या एका कड्यावर, १९४७ मध्ये कबुतराचे स्मारक उभारले गेले. त्या निमित्ताने ऑल्डो लिओपोल्ड यांनी लिहिलेला निबंध पर्यावरणविषयक गद्याच्या अभ्यासक्रमांत आजही लावला जातो, आणि योग्यच आहे. एका जातीने दुसरीसाठी शोक करणे ही किती नवी गोष्ट आहे, हे त्यांनी फार नेमके ओळखले. ते स्मारक उभे राहत होते तेव्हा झर्सीस जाऊन चारसहा वर्षे झाली होती.

प्रेसिडिओचा लष्करी तळ १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाकडे आला. लोबॉस ओढ्याकाठची काही वाळू मोकळी करून तेथे डियरवीड पुन्हा लावण्यात आले. एप्रिल २०२४ मध्ये दक्षिणेकडच्या माँटेरे परगण्यातून आणलेली काही डझन सिल्व्हरी ब्लू फुलपाखरे तेथे सोडली गेली. ती झर्सीस नाहीत. २०२१ च्या अभ्यासाने ते पक्के केलेलेच आहे. झर्सीस जे काम करीत असे, म्हणजे त्या फुलांवर जाणे आणि त्या झुडपांवर अंडी घालणे, ते त्यांनी करावे अशी योजना आहे. सोडण्याआधी प्रत्येकीच्या पंखावर शाईने एक ठिपका दिला होता, म्हणजे नंतर मोजताना ती ओळखू यावीत.